स्तनाच्या कर्करोगानंतर दाह आटोक्यात ठेवणारा आहार कसा आखावा

स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपले की हळदीच्या गोळ्यांपासून गव्हांकुराच्या रसापर्यंत सल्ल्यांची रीघ लागते. परंतु शरीरात रेंगाळणारा सौम्य दाह (इन्फ्लमेशन) एखाद्या पदार्थाने नव्हे, तर रोजच्या एकूण आहाराच्या दर्जानुसार कमी-अधिक होतो. पोटाभोवतीच्या चरबीतून स्रवणाऱ्या इंटरल्युकिन-6 सारख्या दाह वाढवणाऱ्या द्रव्यांमुळे यकृत दाहाची खूण असलेले सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन तयार करते आणि रजोनिवृत्तीनंतर अनेक स्तन-कर्करोगांना पोसणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरकही मुख्यतः चरबीतच तयार होते, म्हणून वजन आवाक्यात ठेवणे पहिले.

बदल धान्यापासून सुरू करावा. मैदा आणि पांढऱ्या भाताऐवजी ज्वारी, बाजरी किंवा नाचणीची भाकरी, जोडीला मटकी किंवा चवळीची उसळ आणि दिवसभरात 400 ग्रॅम भाज्या व फळे घेतल्यास सुमारे 30 ग्रॅम तंतुमय पदार्थ मिळू शकतात. त्यांना मोठ्या आतड्यातील जिवाणू आंबवतात आणि त्यातून तयार होणारे ब्युटिरेट हे मेदाम्ल दाह आवरण्यास मदत करते. सवय नसल्यास प्रमाण हळूहळू वाढवावे, अन्यथा पोटफुगीला कंटाळून भाकरीच सुटते. ओमेगा-3 या उपयुक्त मेदाम्लांसाठी जवसाची चटणी, आणि मासे खाणाऱ्यांनी बांगडा किंवा तारली, तीही तळून नव्हे तर कालवणात. उपवासाला निव्वळ पिष्टमय साबुदाण्यापेक्षा राजगिरा बरा. माझ्या मते मात्र बऱ्याच घरांत बिघाड जेवणात नसतो, चहासोबतच्या बिस्किटांत आणि फरसाणात असतो.

सोयाबीन किंवा टोफू आहारात माफक असण्यास हरकत नाही. सोयातल्या आयसोफ्लेव्होन या इस्ट्रोजेनसारख्या घटकाच्या गोळ्या मात्र टाळाव्यात. स्वयंपाकातली हळद निर्धोक आहे, पण कर्क्युमिन या हळदीतल्या घटकाच्या गोळ्यांमुळे टॅमॉक्सिफेन या स्तनाच्या कर्करोगावरील औषधापासून शरीरात बनणाऱ्या एंडॉक्सिफेन या प्रभावी घटकाची रक्तातील पातळी घटू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत.

या आहाराने कर्करोग पुन्हा होणार नाही, अशी हमी कोणी देऊ नये. अमेरिकेत सुमारे 3100 स्त्रियांना घेऊन केलेल्या आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत भरपूर भाज्या-फळे आणि कमी चरबीच्या आहाराने पुनरुद्भव कमी झाला नव्हता. हृदय, रक्तातील साखर आणि वजन यांना होणारा लाभ मात्र पुरेसे कारण आहे.

सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीनची तपासणी सर्दी-तापात करू नये. आकडा लिटरमागे 10 मिलिग्रॅमच्या वर गेल्यास बहुधा संसर्ग असतो. केमोथेरपी चालू असून भूक मंदावली असेल, तर वजन घटवण्याचा विचार बाजूला ठेवून जे पचेल ते प्रथिनयुक्त अन्न, अगदी मऊ भात-वरणसुद्धा, खावे.