खासदाराचे अप्रेंटिसशिपवरचे काम तपासताना या चुका टाळा

आयटीआय झालेल्या मुलांसाठी आपल्या खासदाराने संसदेत काय केले, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी लागणारी जवळजवळ सगळी कागदपत्रे उघड आहेत. तरीही शोध बहुतेक वेळा चुकीच्या जागी सुरू होतो. लोक आधी मतदान शोधतात, ते सापडत नाही, मग प्रश्नांची संख्या मोजतात आणि त्यावरून शेरा मारतात. शिकाऊ उमेदवारीच्या, म्हणजे अप्रेंटिसशिपच्या, धोरणात मतदानाचा वाटा लहान आहे. खासदाराचे खरे काम प्रश्न, मंत्र्याच्या तोंडी उत्तरावर विचारलेले पूरक प्रश्न, समितीचे अहवाल आणि सरकारने दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा यांत दिसते. नोंद वाचताना नेमके कुठे घसरायला होते ते पाहू.

प्रत्येक विधेयकावर नावानिशी मत असते, असे धरून चालणे

सर्वात मोठी गफलत हीच. लोकसभेत बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात. अध्यक्ष प्रस्ताव मांडतात, 'होय' आणि 'नाही' असा आवाज उठतो, अध्यक्ष निकाल सांगतात. कोण काय म्हणाले याची नावानिशी नोंद राहत नाही. नावे नोंदली जातात ती कोणी मतविभागणी, म्हणजे प्रत्येक सदस्याचे मत वेगळे नोंदवणे, मागितली आणि ती झाली तरच. नियम ३६७ प्रमाणे, मतविभागणीची मागणी अनाठायी आहे असे अध्यक्षांना वाटले तर ते सदस्यांना जागेवर उभे राहायला सांगून मोजणी करू शकतात. त्यातही नावे नोंदवली जात नाहीत. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागते, म्हणून तिथे मतविभागणी होतेच. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ हा साधा कायदा आहे. त्यातल्या दुरुस्तीसाठी साधे बहुमत पुरते.

म्हणून 'अमुक खासदाराने अप्रेंटिसच्या विरोधात मत दिले' असा दावा दिसला की पहिला प्रश्न विचारा: मतविभागणी झाली होती का? झाली असेल तर त्या दिवसाचे सभागृहाचे कामकाज उघडा. तिथे बाजूने, विरोधात आणि तटस्थ अशा तीन याद्या मिळतील. गैरहजरांची यादी नसते. ती पूर्ण सदस्ययादीशी ताडून आपणच काढावी लागते. हजेरी लागली आहे म्हणजे मतदानाच्या वेळी तो सदस्य सभागृहात होता, असेही धरू नका. हजेरी सकाळची आणि मतविभागणी संध्याकाळची असू शकते.

आणखी एक बारकावा आहे. मतविभागणीनंतर अध्यक्ष जो आकडा वाचून दाखवतात तो 'दुरुस्तीच्या अधीन' असतो. यंत्र चालले नाही किंवा चुकीचे बटण दाबले गेले, तर सदस्य चिठ्ठीने मत नोंदवतात किंवा दुरुस्त करतात. त्यामुळे त्या दिवशीच्या बातमीतला आकडा आणि छापील कामकाजातला आकडा वेगळे असू शकतात. कामकाजातला आकडा घ्या.

कशावर मत झाले तेही पाहा. विरोधी बाकावरच्या सदस्याने मांडलेल्या उपसूचनेविरुद्ध (विधेयकात बदल सुचवणाऱ्या प्रस्तावाविरुद्ध) दिलेले मत आणि विधेयकाविरुद्ध दिलेले मत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विद्यावेतन (स्टायपेंड) वाढवण्याची उपसूचना फेटाळणारा सदस्य मूळ विधेयकाला पाठिंबा देत असतो, असे अनेकदा घडते. दोन्ही नोंदी एका ओळीत कोंबल्या तर वाचकाची दिशाभूल होते.

यात पक्षादेशाचाही (व्हिपचाही) भाग आहे. १९८५ पासून लागू असलेल्या दहाव्या अनुसूचीनुसार, पूर्वपरवानगीशिवाय पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या किंवा तटस्थ राहणाऱ्या सदस्याची जागा जाऊ शकते, पक्षाने १५ दिवसांत ते माफ केले नाही तर. म्हणजे मतविभागणीची नोंद मिळाली तरी ती बऱ्याचदा पक्षाची भूमिका सांगते. सदस्याचे स्वतःचे मत पाहायचे तर त्याचे भाषण वाचा.

नियमांतला बदल मतदानात शोधणे

शिकाऊ उमेदवारांच्या आयुष्यावर सर्वाधिक परिणाम करणाऱ्या गोष्टी कायद्यात थोड्या आणि नियमांत जास्त आहेत. ३० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत, त्यांचे प्रमाण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के असावे, विद्यावेतन किमान ५,००० ते ९,००० रुपये असावे, हे सगळे शिकाऊ उमेदवारी नियम, १९९२ मध्ये २०१९ साली केलेल्या दुरुस्तीतून आले. नियम केंद्र सरकार करते आणि राजपत्रात प्रसिद्ध करते. नंतर ते संसदेच्या पटलावर ठेवले जातात. एखाद्या सदस्याने त्यात बदलाचा प्रस्ताव मांडला तरच सभागृहाचे मत घेण्याची वेळ येते. या आकड्यांवर कोणी कसे मत दिले हे शोधणाऱ्याला काही सापडणार नाही, कारण तिथे मतदानच नाही.

कायद्यातली मोठी दुरुस्ती २०१४ ची. लोकसभेने ती ऑगस्टमध्ये मंजूर केली, राज्यसभेने नोव्हेंबरमध्ये, आणि २२ डिसेंबर २०१४ पासून ती लागू झाली. तिने मालकासाठी असलेली कैदेची तरतूद काढली आणि दंड ठेवला. कलम २२सुद्धा बदलले: प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांना नोकरीत घेण्याबाबत प्रत्येक मालकाने स्वतःचे धोरण ठरवावे, असे त्यात आले. नोकरीची हमी मात्र कलमात नाही. 'खासदाराने हमी काढून घेतली' किंवा 'हमी मिळवून दिली', दोन्ही दावे या कलमाशी ताडून पाहा.

पैशांबाबतही हीच अडचण येते. योजनेचा निधी मंत्रालयाच्या अनुदान मागणीत, म्हणजे अर्थसंकल्पातल्या त्याच्या खर्चाच्या मागणीत, असतो. ज्या मंत्रालयांवर सभागृहात चर्चा होत नाही त्यांच्या मागण्या शेवटच्या दिवशी 'गिलोटिन'ने एकत्र मंजूर होतात. राज्यसभेला तर अनुदान मागण्यांवर मतदानाचा अधिकारच नाही. राज्यसभेच्या सदस्याने 'अप्रेंटिसच्या निधीला विरोध केला' असे कोणी लिहिले असेल तर त्याचे भाषण मागा.

अधिनियमाच्या नावापुरतेच पाहणे

जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चार कामगार संहिता यात हमखास सुटतात. वेतन संहिता, २०१९ मध्ये 'कर्मचारी' आणि 'कामगार' यांच्या व्याख्येतून १९६१ च्या अधिनियमाखालचे शिकाऊ उमेदवार वगळले आहेत. मूळ अधिनियमाचे कलम १८सुद्धा त्यांना प्रशिक्षणार्थी मानते, कामगार मानत नाही. म्हणजे किमान वेतनाचा वाद शिकाऊ उमेदवारांपर्यंत का पोहोचत नाही याचे उत्तर या व्याख्यांत आहे. त्या चर्चेत एखाद्या सदस्याने ही व्याख्या उचलली होती का, हे पाहणे दहा सर्वसाधारण प्रश्न मोजण्याहून मोलाचे आहे. उरलेल्या तीन संहिता सप्टेंबर २०२० मध्ये मंजूर झाल्या. त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास नव्हता, फक्त अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराच्या, प्रश्नांना उत्तरे मिळाली. त्या काळात तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे, प्रश्न शून्य दिसले तर दोष सदस्याचा नाही.

चुकीच्या मंत्रालयात शोधणे

'अप्रेंटिस' या एका शब्दाखाली निदान चार खाती येतात. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना, म्हणजे नॅप्स, १९ ऑगस्ट २०१६ ला सुरू झाली आणि ती कौशल्य विकास व उद्योजकता मंत्रालयाकडे आहे. पदवीधर आणि पदविकाधारकांसाठीची नॅट्स ही योजना शिक्षण मंत्रालयाकडे आहे. ती मुंबई, कानपूर, चेन्नई आणि कोलकाता इथल्या प्रादेशिक मंडळांमार्फत चालते. रेल्वेच्या कारखान्यांतल्या अप्रेंटिसबद्दलचे प्रश्न रेल्वे मंत्रालयाकडे जातात. प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. ती कंपनी व्यवहार मंत्रालयाची असून १९६१ च्या अधिनियमाखाली येतच नाही. २०१५ पूर्वीचे प्रश्न तपासत असाल तर कामगार मंत्रालय पाहा, कारण तेव्हा हा विषय त्यांच्याकडे होता.

एकाच मंत्रालयाची गाळणी लावून शोधले तर तीन-चतुर्थांश चित्र हातातून निसटू शकते. शोध असा घ्या:

१. संसदेच्या संकेतस्थळावर आधी सभागृह आणि लोकसभेचा क्रमांक निवडा. सतरावी लोकसभा २०१९ ते २०२४ होती, अठरावी जून २०२४ पासून आहे.

२. मंत्रालय रिकामे ठेवून सदस्याचे नाव निवडा. नाव टंकण्यापेक्षा यादीतून घ्या. इंग्रजी स्पेलिंगमधल्या एका अक्षराच्या फरकाने शोध कोरा येतो.

३. प्रश्नांच्या शीर्षकांत इंग्रजीत 'अप्रेंटिस', 'अप्रेंटिसशिप', 'स्टायपेंड', 'नॅप्स', 'नॅट्स', 'आयटीआय' हे शब्द वेगवेगळे शोधा. हिंदी पाठात 'शिक्षु', 'शिक्षुता' आणि 'प्रशिक्षु' असे शब्द येतात. 'स्किल इंडिया' शीर्षकाच्या प्रश्नातही उपप्रश्न अप्रेंटिसचा असू शकतो. त्यामुळे संशयास्पद शीर्षके उघडूनच पाहा.

प्रश्नांची संख्या म्हणजे कामगिरी समजणे

लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. राज्यसभेत १५ आणि १६०. सूचना किती दिल्या हे नोंदीत दिसत नाही. स्वीकारले गेलेलेच प्रश्न दिसतात, आणि सूचना जास्त आल्या की क्रम सोडतीने लागतो. कमी प्रश्न असलेला सदस्य निष्क्रियच असेल असे नाही.

उलट बाजूही पाहा. सारखे प्रश्न एकत्र केले जातात आणि एका उत्तरावर पाच-सात सदस्यांची नावे येतात. त्या प्रत्येकाच्या खात्यात एक प्रश्न जमा होतो. कोणत्या सदस्याने आपल्या जिल्ह्याचा आकडा मागितला आणि कोणी नुसते 'योजनेचा तपशील काय' असे विचारले, हे उत्तराच्या वर छापलेला प्रश्न वाचल्याशिवाय कळत नाही. आमच्या मते हा फरकच महत्त्वाचा आहे. चांगला प्रश्न ठरावीक वर्ष मागतो, राज्य किंवा जिल्हा मागतो, आणि 'प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांपैकी किती जणांना नोकरी मिळाली' यासारखी उत्तर टाळता येणार नाही अशी गोष्ट विचारतो.

तारांकित प्रश्न म्हणजे तोंडी चर्चा झालीच, असेही नाही. तासाभरात सगळे २० प्रश्न क्वचितच होतात. उरलेल्यांची उत्तरे लेखी धरली जातात. चर्चा झाली असेल तर त्या दिवसाच्या कामकाजात पूरक प्रश्न मिळतील. मंत्र्याला खरा घाम तिथे फुटतो, आणि सदस्याने विषयाचा अभ्यास केला आहे की नाही तेही तिथेच कळते.

मंत्री प्रश्न विचारत नाहीत आणि लोकसभा अध्यक्षही नाहीत. मध्येच मंत्री झालेल्या सदस्याची संख्या तिथेच थांबते, म्हणून तुलना करताना महिने तपासा. पीठासीन अधिकारी (कामकाज चालवणारे अध्यक्ष किंवा सभापती) फक्त समसमान मते पडल्यास निर्णायक मत देतात, त्यामुळे मतविभागणीत त्यांचे नाव नसणे ही गैरहजेरी नव्हे.

उत्तरातले आकडे जसेच्या तसे उचलणे

मंत्रालयाच्या उत्तरात 'नोंदणी केलेले', 'करार झालेले' आणि 'प्रशिक्षण पूर्ण केलेले' असे वेगवेगळे आकडे येतात. शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवर नोंदणी हा इच्छेचा आकडा आहे. आस्थापना आणि उमेदवार यांच्यात करार झाला की शिकाऊ उमेदवारी सुरू होते. पोर्टलवर नोंदलेल्या सगळ्याच आस्थापना उमेदवार घेत असतात, असेही नाही. राज्यनिहाय तक्ता सहसा उत्तराच्या शेवटी जोडपत्रात असतो. पहिले पान वाचून फाइल बंद करणाऱ्यांचा तो सुटतो.

नॅप्सखाली केंद्र विद्यावेतनाच्या २५ टक्के, कमाल १,५०० रुपये महिना इतका वाटा देते. उरलेले आस्थापना देते. '९,००० रुपये सरकार देते' असे कोणी लिहिले तर ते चूक आहे. तसेच, मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने विद्यावेतन ६,८०० ते १२,३०० रुपये करण्याची शिफारस केली. पण शिफारशीच्या दिवसापासून वाढ लागू झाली असे समजू नये. राजपत्रातली अधिसूचना आणि तिच्यातली तारीख पाहून मगच लिहावे.

'प्रश्न उद्भवत नाही' असे उत्तर दिसले की प्रश्नाची मांडणी पाहा. पहिला उपभाग 'अशी तक्रार सरकारकडे आली आहे काय' असा असेल आणि उत्तर 'नाही' असेल, तर पुढचे सगळे उपभाग आपोआप गळतात. 'माहिती गोळा केली जात आहे' हे उत्तर आले तर ते आश्वासन मानले जाते आणि तीन महिन्यांत पूर्ण होणे अपेक्षित असते. आश्वासन समितीच्या नोंदीत त्याचा शोध घ्या. सदस्याने पुढच्या अधिवेशनात तोच धागा पुन्हा उचलला का, हेही तपासा.

समित्या सोडून देणे

श्रम, वस्त्रोद्योग व कौशल्य विकास स्थायी समिती दरवर्षी अनुदान मागण्यांवर अहवाल देते. त्यात खर्च न झालेला निधी आणि त्यावरची मंत्रालयाची उत्तरे असतात. बैठका बंद दाराआड होतात, पण अहवालाच्या शेवटी बैठकींचे इतिवृत्त आणि हजर सदस्यांची नावे जोडलेली असतात. आपला खासदार या समितीवर असेल तर आधी हजेरी पाहा. असहमती असेल तर भिन्नमतपत्रिका तिथेच सापडते.

आमदाराला केंद्राचे माप लावणे

व्यावसायिक प्रशिक्षण हा समवर्ती सूचीतला विषय आहे, त्यामुळे आमदारालाही प्रश्न विचारता येतात. पण विद्यावेतनाचे किमान दर केंद्राच्या नियमांत आहेत. विधानसभेत तपासायचे ते आयटीआयमधली रिक्त निदेशक (शिकवणाऱ्यांची) पदे, राज्याच्या आस्थापनांमधली भरती, आणि २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. ही योजना राज्याची आहे, १९६१ च्या अधिनियमाखालची शिकाऊ उमेदवारी नाही. विधानसभेत तारांकित प्रश्नांबरोबर लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी सूचना) आणि अर्धा तास चर्चाही पाहा. स्थानिक कारखान्यातला विषय अनेकदा लक्षवेधीतच येतो आणि प्रश्नांच्या यादीत दिसत नाही.