जुन्या ड्रिलिंग बंदुकीसाठी घरी काडतुसं भरताय? या चुका टाळा

जर्मनीत शिकारीचा परवाना मिळाला की पुष्कळांच्या हाती आजोबांची नाहीतर लिलावातली ड्रिलिंग, म्हणजे तीन नळ्यांची बंदूक येते: वर छर्‍याच्या दोन नळ्या, खाली रायफलची एक. मागोमाग स्फोटकांचा कोर्स होतो, घरात काडतुसं भरायचा प्रेस येतो, आणि त्याच त्या चुका सुरू होतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नळी न मोजता गोळ्या आणणं. ८×५७ आयआर या काडतुसाला साधारण ८.०९ मिमीची गोळी लागते, ८×५७ आयआरएसला ८.२२ची. दुकानात सहसा दुसरीच मिळते, मग ‘एवढ्याशाने काय होतंय’ म्हणत तीच घेतली जाते. आमच्या रेंजवर एका पठ्ठ्याने नेमकं हेच केलं. काही गोळ्या झाडल्या आणि बंदूक उघडेना. रबरी हातोडीने उघडली, तरी पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) आत चिकटलेलीच, तिच्या बुडाचा प्रायमर (ठिणगी देणारी टोपी) दाबून सपाट. नंतर रिकामी बंदूक बंद करून खिडकीशी धरली, तर नळ्या आणि मागची भिंत यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली. युद्धाआधीचा सांधा एका दुपारी सैल! नळीवर ‘एस’चा ठसा कुठेच नव्हता. बघायला वेळ कुणाला होता?

मी नुसत्या ठशावरही विसंबत नाही. मऊ शिशाची गोळी तेल लावून पितळी दांड्याने नळीतून ढकलतो आणि मायक्रोमीटरने मोजतो. कॅलिपरवर भागवणाऱ्यांशी वाद घालत नाही, फक्त त्यांच्या शेजारी उभा राहत नाही.

दुसरी चूक, बोल्ट रायफलचा बार, म्हणजे पावडरचं माप, उचलून किनारीच्या (बुडाला कड असलेल्या) पुंगळीत भरणं. काडतुसांचे नियम ठरवणाऱ्या सीआयपी या आंतरराष्ट्रीय संस्थेने बोल्ट रायफलच्या ८×५७ आयएसला दाबाची मर्यादा ३९०० बार (हे दाबाचं एकक) दिली आहे, किनारीच्या आयआरएसला ३३००. तसंच बोल्टच्या ९.३×६२ला ३९००, किनारीच्या ९.३×७४आरला ३४००. बोल्ट अडकलेली पुंगळी खेचून काढतो, मोडून उघडणाऱ्या बंदुकीत ती ताकद नाही. म्हणून ‘जादा दाबाची खूण दिसेपर्यंत पावडर वाढवत जाऊ’ हा खेळ इथे नको. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला बार तर नकोच, छापील मॅन्युअल घ्या. आणि त्यातल्या किमान बाराखालीही उतरू नका, हळू जळणारी पावडर कमी भरली तरी दाब उसळू शकतो.

किनारीची पुंगळी दरवेळी आकार देणाऱ्या डायमध्ये (साच्यात) पूर्ण खाली दाबली की बुडाजवळ फाटते. टोक वाकवलेली तार आतून फिरवा. खाच लागली की पुंगळी भंगारात, ती कितीही महागाची असो.

टेबलावर पावडरचा एकच डबा ठेवा, म्हणजे अदलाबदल होत नाही.

छर्‍याच्या जुन्या १६ बोअरच्या नळ्यांचं चेंबर (काडतूस बसतं ती जागा) बरेचदा ६५ मिमीचं असतं. ७० मिमीचं काडतूस आत बसतं, पण उडताना त्याचं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो.

आणि झाळून जोडलेल्या नळ्यांतून लागोपाठ पाच गोळ्या झाडून ‘बार बिघडला’ म्हणू नका. नळी तापली की निशाण सरकतं. मी एक गोळी झाडतो, बंदूक उघडून ठेवतो, चहा पितो, मग दुसरी.