दुभाषी कामाच्या अभ्यासात स्वतःच्या भावनांची नोंद कशी ठेवावी, कशी तपासावी

मेळघाटातल्या आरोग्य केंद्रात ओपीडी चालू आहे. डॉक्टर मराठीत विचारतात, "ताप कधीपासून?" आशाताई, म्हणजे गावातली आरोग्य स्वयंसेविका, दुभाषी होऊन तेच तिथल्या कोरकू भाषेत विचारते. बाळाची आई बराच वेळ बोलते, मध्येच पदराने डोळे पुसते. आशाताई डॉक्टरांना सांगते, "तीन दिवस झाले." कोपऱ्यात बसलेल्या संशोधकाला राग येतो, आणि अशा क्षणी बहुतेक जण वहीत 'भाषांतर अपुरे' एवढंच लिहून मोकळे होतात. तिथेच अभ्यास फसतो.

राग आला म्हणून आशाताई चुकली असं ठरत नाही. राग फक्त जागा दाखवतो. निरीक्षकाची अस्वस्थता झाकून ठेवली की तीच निष्कर्ष वाकवते आणि उघडपणे तपासली तर ती अभ्यासाची सामग्री होते, हे मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज देव्हरो यांनी 1967 मध्येच मांडलं होतं.

वहीच्या पानावर चार रकाने आखा: वेळ, कोण काय बोललं, स्वतःला काय झालं, संभाव्य कारणं. संवाद चालू असताना तिसऱ्या रकान्यात एक अक्षर पुरे. रागाला 'र', लाजेला 'ला', कंटाळ्याला 'कं'. सविस्तर नोंद त्याच संध्याकाळी करा, पण रेकॉर्डिंग ऐकण्याआधी आणि सहकाऱ्यांशी बोलण्याआधी. एकदा ऐकलं की आठवण रेकॉर्डिंगच्या मागे जाते. 'वाईट वाटलं' असं लिहू नका. 'जबडा आवळला, डॉक्टरांकडे बघवेना' असं लिहा. चौथ्या रकान्यात निदान तीन कारणं हवीत, आणि त्यात भूक, उकाडा, एसटीचा प्रवास यांनाही जागा द्या. कंटाळ्याची खूण गाळू नका. दुभाषी साचेबंद उत्तरं देऊ लागते तेव्हा बरेचदा आधी कंटाळाच येतो.

मग खुणेच्या आधीची आणि नंतरची दोन-दोन मिनिटं शब्दशः उतरवून काढा. कोरकू येत नसेल तर तुमची भावना फक्त आवाजावर आणि मराठी अर्ध्यावर उभी आहे, म्हणून कोरकू भागाचं भाषांतर त्या संवादात नसलेल्या दुसऱ्या जाणकाराकडून करून घ्या. आता दोन्ही बाजू शेजारी ठेवून बघा: काय गळलं, काय वाढलं, 'मी' चं 'ती म्हणते' कुठे झालं. आईने आधीच्या बाळाच्या मृत्यूबद्दल सांगितलं असेल आणि ते डॉक्टरांपर्यंत पोचलंच नसेल, तर रागाला आधार आहे. पण आशाताईने मधल्या वेळात स्वतःच चार प्रश्न विचारून दिवस पक्के केले असतील आणि दाराबाहेरची रांग पाहून उत्तर आवरतं घेतलं असेल, तर तुमचा राग तिच्यावरचा नसून तिला मिळालेल्या वेळेवरचा आहे. हा फरक वहीत स्पष्ट लिहा. दुभाषी कामाबद्दलचं खरं काही इथेच हाती लागतं.

यानंतर आशाताईला तो तुकडा ऐकवा आणि विचारा, "इथे काय चाललं होतं?" "तुम्हाला वाईट वाटलं का?" असं विचारलंत तर ती सौजन्याने हो म्हणेल आणि तुमचीच भावना तिच्या तोंडून परत येईल. तिचं उत्तर तुमच्या नोंदीशी जुळलं नाही तर दोन्ही ठेवा. तुमच्या भावनेवरून तिची भावना ठरवायची नाही, हा नियम मोडू नका. आणि मुलाखत लांबवू नका. ती दिवसभर दुसऱ्यांचं दुःख स्वतःच्या तोंडून बोलत असते, त्यासाठी तिला वेगळा मोबदलाही क्वचितच मिळतो.

संमती घेताना रुग्णाला अभ्यास समजावून सांगणारी व्यक्ती वेगळी असावी. अभ्यास ज्या दुभाषीचा, तिनेच संमती घेतली तर नाही म्हणणं अवघड होतं. भावनांची वही मुलाखतींच्या फायलींपासून वेगळी, कुलपात. नावांऐवजी सांकेतिक अक्षरं.

अहवाल लिहिताना प्रत्येक भावनिक वाक्य तात्पुरतं खोडून बघा. त्याच्यावाचून विश्लेषण तसंच उभं राहत असेल तर ते वाक्य वहीतच राहू द्या.