वार्ताहराची नेमणूक घेताना वसुलीचं आधी विचारा

पाच ककार, उलटा पिरॅमिड, मथळा कसा काढायचा हे तुम्ही कॉलेजात शिकून आलात. त्यावर मी बोलत नाही. तालुक्याच्या गावी वार्ताहर म्हणून पहिली नेमणूक घेताय, तर एवढं विचारा: जाहिरातीचं टार्गेट किती, आणि बिलाची वसुली कुणाच्या नावावर?

टार्गेट असतंच. वर्धापनदिनाची पुरवणी, दिवाळी, नेत्यांचे वाढदिवस. मानधनात पेट्रोल भागत नाही, घर कमिशनवर चालतं. हे सगळ्यांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते वसुलीचं. जाहिरात आज छापून येते, पैसे मागाहून यायचे असतात, आणि ते बुडाले तर बऱ्याच ठिकाणी ती रक्कम वार्ताहराच्या नावे पडते. म्हणजे ज्याच्याविषयी लिहायचं त्याच्याचकडे तुमचे पैसे अडकलेले.

माझ्यावर ही वेळ साखर कारखान्याच्या बातमीत आली. आमच्या पुरवणीत अध्यक्षांची अर्ध्या पानाची शुभेच्छा जाहिरात होती आणि बिल बाकी होतं. त्याच सुमारास शेतकरी काट्याच्या पावत्या घेऊन आले. ऊस नियंत्रण आदेश, 1966 प्रमाणे ऊस घातल्यापासून 14 दिवसांत एफआरपीचे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान दराचे, पैसे द्यावे लागतात. इथे महिने उलटले होते.

आता नीट ऐका, कारण सापळा इथेच आहे. मला कुणाचाही फोन आला नाही. संपादकांनी काही सांगितलं नाही, अध्यक्षांनी धमकावलं नाही. पण बातमी लिहायला बसलं की कारखान्याचं स्पष्टीकरण पहिल्या परिच्छेदात चढायला लागतं. पावत्या खाली सरकतात. थकबाकीचा आकडा जागेअभावी गळेल असा शेवटच्या ओळीत जातो. बातमी खोटी होत नाही, एकही वाक्य चुकीचं नसतं, म्हणून आपल्याला काही वाटतही नाही. ‘दबाव आला तर मी झुकणार नाही’ असं ठरवून आलेली मुलं इथेच अडकतात. ती दबावाची वाट बघत बसतात आणि दबाव येतच नाही.

मी आकडा पहिल्याच ओळीत ठेवला. बातमी लागली, बिल अडलं, आणि ती रक्कम माझ्या मानधनातून वळती झाली. त्याचा राग अजून गेलेला नाही.

हे एखाद्या दैनिकाचं दुखणं नाही. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत नेत्याच्या कौतुकाचा शब्दन्‌शब्द तोच मजकूर वेगवेगळ्या मराठी दैनिकांत बातमी म्हणून छापून आला होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उघड केलं. नंतर वृत्तपत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, अहवाल दिला. वार्ताहरांना जाहिरात एजंट बनवून पगाराऐवजी कमिशनवर ठेवू नये, असं त्यात म्हटलं होतं. 2010 मध्ये कौन्सिलने संक्षिप्त अहवाल काढला. पूर्ण अहवाल अधिकृतपणे लोकांसमोर आला 2011 मध्ये, तोही केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर. तेव्हा कौन्सिल आपल्याला वाचवेल या भरवशावर राहू नका. ताकीद देणं आणि ठपका ठेवणं, यापुढे तिचे अधिकार जात नाहीत.

घाबरू मात्र नका, वाट निघते. जाहिरातदाराची बातमी पाठवताना डेस्कला, म्हणजे बातम्या तपासणाऱ्या संपादन विभागाला, मेल करा: या संस्थेची जाहिरात माझ्यामार्फत आली आहे, बिल बाकी आहे, कॉपी कुणीतरी कसून तपासावी. चांगला उपसंपादक अशा मेलची कदर करतो. गुरू करायचाच तर असा उपसंपादक करा. मंत्र्यांच्या गाडीतून फिरणारे ज्येष्ठ ओळखी देतील, पण कॉपीतली ढिलाई दाखवणार नाहीत. आणि वार्ताहरांच्या ग्रुपवर एकाने टाकलेली बातमी सगळ्यांनी नाव बदलून पाठवायची, हा शॉर्टकट मला मुळीच मान्य नाही. त्यात एकाची चूक सगळ्या अंकांत छापली जाते.

घाईत मुलं आणखी एका ठिकाणी घसरतात. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखालच्या, बातमीत नाव बदललं म्हणजे झालं, असं समजतात. त्या कायद्याच्या कलम 23 नुसार पत्ता, फोटो, शाळा, कुटुंबाचा तपशील, शेजारपाजार, ओळख पटेल असं काहीच देता येत नाही. ‘वाडीवरच्या आश्रमशाळेतली नववीची मुलगी, वडील टपरी चालवतात’ एवढं छापलं की अख्ख्या गावाला ती कोण ते कळतं. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये हा तपशील असला तरी तो काढायची जबाबदारी तुमचीच.

पुन्हा वसुलीकडे येतो. बाजू विचारायला फोन कराल तेव्हा बिलाचा विषय चुकूनही काढू नका. समोरच्याने काढला तर ‘ते जाहिरात विभागाशी बोला’ म्हणा आणि प्रश्नावर या. प्रश्न मेसेजवरही पाठवा, म्हणजे वेळेची नोंद राहते. वसुलीचा फोन दुसऱ्या दिवशी, शक्यतो दुसऱ्या माणसाने करावा. बातमी आणि पैसे एकाच संभाषणात आले की तुमच्यावर खंडणीची तक्रार व्हायला वेळ लागत नाही, आणि अशा वेळी ऑफिस सगळ्यात आधी तुमचं ओळखपत्र परत मागतं.