नगरपरिषदेचे दप्तर क्लाउडवर नेताना

मराठवाड्यातील एखाद्या नगरपरिषदेला जन्म-मृत्यू नोंदी आणि मालमत्ता कराचे दप्तर क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या सेवादाता कंपनीच्या संगणकांवर, न्यायचे असेल, तर कोणती माहिती जाहीर आणि कोणती वैयक्तिक, ही वर्गवारी प्रथम करावी. महाराष्ट्राने 2018 मध्येच सार्वजनिक क्लाउड धोरण जाहीर केले आहे. सेवादाता मात्र केंद्राच्या इलेक्ट्रॉनिकी मंत्रालयाने सूचीबद्ध केलेल्यांपैकीच निवडावा. खरेदी जेम या सरकारी ऑनलाइन खरेदी पोर्टलवरून करता येते.

माहिती भारतातच राहील, ती नगरपरिषदेच्याच मालकीची असेल आणि करार संपल्यावर वापरता येईल अशा स्वरूपात परत मिळेल, ही कलमे करारात स्पष्ट लिहून घ्यावीत. यातले शेवटचे कलम माझ्या मते सर्वांत मोलाचे आहे, कारण त्यावाचून सेवादाता बदलणे जवळजवळ अशक्य होते.

निजामकाळातील उर्दू व मोडी नोंदींचे नुसते स्कॅन चढवून भागत नाही. गाव, वर्ष आणि नाव देवनागरीत नोंदवल्याखेरीज खिडकीपुढे उभ्या असलेल्या माणसाला आपल्या आजोबांची नोंद सापडणार नाही. बॅकअप घेऊन थांबू नये, दर तिमाहीस त्यातून एखादा जुना दाखला परत काढून पाहावा. वीज गेल्यास किंवा केबल तुटल्यास दाखले अडू नयेत, यासाठी दुसऱ्या कंपनीची इंटरनेट जोडणी आणि इन्व्हर्टर आधीच बसवून घ्यावा.