आधी मीठ, व्हिनेगर सगळ्यात शेवटी

ताज्या मिरच्या व्हिनेगरमध्ये वाटल्या की झाला टबॅस्को या बाटलीबंद तिखट सॉससारखा सॉस, अशा पाककृती वाचल्या की मला राहवत नाही. त्यानं होते ती तिखट-आंबट चटणी. टबॅस्कोची चव मिरची मिठात आंबल्यामुळे येते, आणि व्हिनेगर आधी पडलं तर आंबवणारे जिवाणू कामाला लागतच नाहीत.

मी अमेरिकेतल्या लुइझियानात लाफायेटला राहते. हा सॉस जिथला, ते एव्हरी आयलंड इथून गाडीनं तासाभराच्या आत. नावाला बेट, खरं तर जमिनीखालच्या मिठाच्या प्रचंड घुमटानं वर उचललेलं टेकाड, भोवती दलदल. एडमंड मॅकिलहेनी मूळचा बँकर, यादवी युद्धात त्याचं सगळं गेलं. सासुरवाडीच्या या जमिनीवर त्यानं १८६८ मध्ये विक्रीसाठी टबॅस्को जातीची मिरची लावली, १८७० मध्ये सॉसचं पेटंट घेतलं. न्यू ऑर्लिन्सकडचा मॉन्सेल व्हाइट त्याच्याही आधी या मिरचीचा सॉस करत होता, हेही सांगायला हवं.

मॅकिलहेनीची रीत अगदी घरगुती होती. पिकलेल्या मिरच्या ठेचायच्या, गॅलनभर लगद्याला अर्धा कॉफीचा कप बेटावरचं मीठ घालायचं, महिनाभर मुरवायचं. मग व्हाइट वाइन व्हिनेगर, पुन्हा महिना, आणि गाळून बाटलीत. आता कारखान्यात लगदा ओकच्या पिंपांत तीन वर्षांपर्यंत मुरतो. पिंपाच्या भोकं पाडलेल्या झाकणावर मिठाचा थर असतो, त्यातून आतला वायू बाहेर निघतो. घरी महिन्याची रीत पुरते.

मिरची पूर्ण लाल हवी. टबॅस्को मिरची पिकली की हलक्या ओढीनं देठातून सुटते, आणि ती आतून रसाळ असते. ती न मिळाल्यास झाडावर पिकलेली ताजी लाल लवंगी घ्या. सुकी मिरची इथे चालत नाही. अर्धा किलो मिरच्या धुऊन, पुसून, देठ काढा. डाग पडलेली, मऊ झालेली एकही मिरची आत जाऊ देऊ नका. हातमोजे घाला, मिक्सरमध्ये थांबत थांबत जाडसर फिरवा आणि झाकण उघडताना तोंड बाजूला ठेवा.

मीठ चमच्यानं मोजू नका, काट्यावर तोला. अर्धा किलोला २५ ग्रॅम, म्हणजे पाच टक्के. आयोडीन नसलेलं साधं मीठ घ्या. लगद्यात नीट कालवा, काचेच्या स्वच्छ बरणीत पाऊण भरा आणि दाबून हवा काढा. रस कमी वाटला तर १०० मिली पाण्यात ५ ग्रॅम मीठ विरघळवून त्यातलं थोडं घाला. वर स्वच्छ पिशवीत मीठपाणी भरून वजन ठेवा. झाकण सैलच ठेवा, नाहीतर वायूनं काच फुटेल. बरणी उन्हापासून दूर, २० ते २५ अंशांत.

दोन-तीन दिवसांत बुडबुडे येतात, लगदा फुगतो. रोज स्वच्छ चमच्यानं खाली दाबा. वरचा सपाट पांढरा पापुद्रा काढून टाकला तरी चालतं. पण लोकरीसारखी, निळी, काळी किंवा गुलाबी बुरशी दिसली तर वरचं खरवडून वापरायचा मोह टाळा, सगळी बरणी फेका. यात मी तडजोड करत नाही.

महिन्यानं वास बदललेला असतो, कच्चा हिरवटपणा जाऊन फळासारखा आंबूस. आता पीएच पट्टी, म्हणजे आंबटपणा मोजणारा कागद, बुडवा. चारच्या खाली असेल तरच पुढे जा. मग पाच टक्के आम्लता असलेलं व्हाइट वाइन व्हिनेगर २५० ते ३०० मिली घाला. लसूण, साखर, गाजर काही नको. मिरचीच्या तोंडावर पदर कशाला ओढायचा? दोन आठवडे अधूनमधून ढवळा, मलमलीतून पिळून गाळा.

बाटली काचेची, बूच प्लॅस्टिकचं; व्हिनेगरनं पत्र्याचं झाकण गंजतं. फ्रिजमध्ये ठेवा. थर वेगळे होतातच, वापरताना हलवा. कापडात उरलेला चोथा मी मंद ओव्हनमध्ये वाळवून, भरडून मिठात मिसळते. भाजलेल्या कणसाला लिंबाबरोबर तो चोळून बघा.