लाजर काहीच का बोलत नाही? बायबलचा अभ्यास नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

माझी आजी नेहमी एकच विचारायची, येशूने मेलेल्यातून उठवलेला तो लाजर चार दिवस कबरेत होता ना, मग तिथे त्याने काय बघितलं, आणि बाहेर आल्यावर कुणीच कसं विचारलं नाही त्याला? चर्चमध्ये कुणाला विचारलं की श्रद्धा ठेव म्हणायचे आणि विषय संपायचा. मी बायबलच्या कोर्सला नाव घातलं ते खरं तर ह्याच प्रश्नासाठी.

पहिल्याच असाइनमेंटमध्ये मी दणकून आपटले. विषय होता येशूची शिष्या मग्दालीया मरीया आणि मी सरळ लिहून टाकलं की ती आधी वेश्या होती, कारण लहानपणापासून तेच ऐकलेलं. सरांनी त्या ओळीखाली रेघ मारून एवढंच लिहिलं, "वचन कुठलं?", म्हणजे बायबलमधली ओळ कुठली. रात्रभर शोधलं, नाहीच. बायबलमधल्या लूकच्या पुस्तकात 8:2 मध्ये (8वा अध्याय, 2री ओळ) तिच्यातून सात भुतं निघाली एवढंच आहे, पापी बाई येते ती लूकच्या 7व्या अध्यायात आणि तिला नावच नाहीये, आणि बेथानीची मरीया, लाजराची बहीण, तर तिसरीच. ह्या तिघींना एक केलं पोप ग्रेगरी पहिले ह्यांनी, 591 च्या आसपासच्या एका प्रवचनात, आणि कॅथलिक चर्चने ती गल्लत कॅलेंडरमधून काढली 1969 मध्ये. जवळपास चौदाशे वर्षं एका बाईच्या नावावर दुसरीचं आयुष्य! मला तेव्हा खरंच रडू आलं.

तेव्हापासून माझी सवय अशी, आधी वचनात काय आहे ते एका पानावर लिहायचं आणि परंपरा काय सांगते ते समोरच्या पानावर, दोन्ही एकत्र करायचं नाही. नाताळच्या नाटकातले तीन मागी घ्या, म्हणजे बाळ येशूला भेटी घेऊन आलेले पूर्वेकडचे ज्ञानी लोक, मत्तयाचं पुस्तक आकडाच देत नाही, भेटी तीन म्हणून माणसं तीन. प्रेषित पौल स्वतःच्या ज्या त्रासाला शरीरातला काटा म्हणतो तो म्हणजे नेमका कुठला आजार, मार्क 14 मधला तो तागाचं वस्त्र टाकून उघडाच पळालेला तरुण कोण, ह्याचे अंदाज ढीगभर मिळतील, वाचा जरूर, पण ते समोरच्या पानावर.

लाजराचं माझं परंपरेचं पान गच्च भरलंय. सायप्रसचे लोक म्हणतात तो तिथे कितीयममध्ये म्हणजे आजच्या लार्नाकात बिशप झाला, फ्रान्सवाले म्हणतात मार्सेलला. वचनाच्या पानावर मात्र थोडंच, तो हातपाय बांधलेला बाहेर येतो, पुढे येशूबरोबर जेवायला बसतो, आणि योहान 12:10 मध्ये मुख्य याजक त्यालाही मारायचा बेत करतात. पुढे त्याचं काय झालं, काही नाही.

तुम्ही नवीन असाल तर योहान 11 आणि 12 हे दोन अध्याय एका बैठकीत वाचा, पेन्सिल घेऊन, आणि कोण कोण बोलतं त्याच्यावर खूण करा. लाजराच्या बहिणी मार्था आणि मरीया बोलतात, शेजारी बोलतात, येशूला पुढे धरून देणारा यहूदासुद्धा बोलतो, लाजराच्या तोंडी एक शब्द नाही. हे मी आजीला वाचून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, परत वाच.